अल्सरची गोळी

नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामात धर्मेंद्र लांजेवारला सगळे ‘बिल्टीबाबू’ म्हणत, आणि ते काही प्रेमानं नव्हे. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारा कागद. माल कुणाचा, कुठं चाललाय आणि कशाचा आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. बिल्टीवर जे लिहिलंय तेच पेटीत आहे का, हे ताडून पाहणं धर्मेंद्रचं काम, आणि ते तो असं करी की जणू पेटीतून सापच निघणार आहे. ‘किराणा’ लिहिलेल्या गोणीचं तोंड सोडायला लावी. ‘कापड’ लिहिलेल्या गाठोड्यात हात घाली. व्यापारी चिडत, ड्रायव्हर शिव्या घालत, पण हा ढिम्म.

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी कुण्या शहाण्यानं बिल्टीवर ‘किराणा’ लिहून ॲसिडचे कॅन पाठवले होते. एक कॅन फुटला आणि धम्मानंद नावाच्या हमालाचे दोन्ही तळहात सोलून निघाले. तेव्हापासून धर्मेंद्रचं एक वाक्य ठरून गेलं होतं, “मालाचं नाव सांगा, नाई तं गाडीतून उतरवा.” घरी जेवताना तो हेच पराक्रम सांगे. आज कुणाची गोणी सोडली, कोण कसा तोंडघशी पडला. आई कौतुकानं ऐके आणि बायको वंदना मुकाट्यानं पोळी वाढे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो ह्याच घरात होता, आणि तो ह्याच माणसानं केला होता.

घर सक्करदऱ्याला. धर्मेंद्र, वंदना, नववीतली मुलगी भूमिका आणि आई पंचफुला, एवढीच माणसं. वडील चंपतराव नऊ वर्षांपूर्वी गेले. जन्मभर खर्रा, म्हणजे तंबाखू घातलेली सुपारी, चघळला आणि शेवटी गालाच्या आतून चट्टा उठला. रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर धर्मेंद्रनंच तो वाचला आणि जसा वाचला तसा सांगून टाकला, “बाबा, कॅन्सर हाय.” चंपतराव घरी आले, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आणि पुन्हा ह्या कुशीवर वळलेच नाहीत. अन्न सोडलं, बोलणं सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, औषधपाणी केलं तर दोनतीन वर्षं सहज निघतील. चंपतरावांनी बावीस दिवसांत आटोपलं.

लोक म्हणाले, रोगानं नेलं. धर्मेंद्रनं मात्र मनाशी वेगळाच निकाल लावला. बापाला रोगानं नाही, त्या तीन अक्षरांनी मारलं, आणि ती अक्षरं आपल्या तोंडून गेली. हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, त्यामुळे कुणी ते खोडूनही काढलं नाही. तेव्हापासून तो शब्द त्यानं तोंडात घेतला नव्हता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर ताकाच्या गावालाच जाईना.

आणि मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पंचफुलाबाईंचं पोट दुखायला लागलं. बाई कुहीकडची, धानाच्या बांधीत वाकून रोवणी केलेली, पोटदुखीला भीक घालणारी नव्हेच. ओवा खाल्ला, हिंग लावलं, दोन महिने कळ काढली. चेहरा पांढराफटक पडला तेव्हा वंदनानं ओढून दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ निघाली. सर्जननं गाठीसकट वीतभर आतडं काढलं आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला धर्मेंद्र एकटाच गेला. त्यानं तो दवाखान्याच्या स्कूटर-स्टँडवर उभ्यानं वाचला, चार घड्या करून खिशात घातला आणि तिथंच स्कूटरच्या सीटवर बराच वेळ बसून राहिला. आत आई खाटेवर वाट पाहत होती. तो गेला आणि हसून म्हणाला, “अल्सर होता आई. निघून गेला.”

पंचफुलाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, मले तं बाप्पा भलतंच वाटलं होतं.

हे ‘भलतंच’ धर्मेंद्रच्या कानात जाऊन बसलं. म्हणजे आईच्याही मनात होतंच की. तिथंच त्यानं आणखी पक्कं केलं, की हिला कळू द्यायचं नाही. वंदनाला त्याच दिवशी संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठी नेऊन सांगितलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय छाती फुटली असती. वंदना ऐकून रडली, डोळे पुसले आणि सरळ म्हणाली, “आईले सांगून टाका. त्या बाबासारख्या नाईत.” धर्मेंद्रनं तिला भूमिकेची शपथ घातली. पोरीची शपथ घातल्यावर बाई काय करणार, गप्प बसली.

पुढचं औषध ज्या डॉक्टरकडं होतं त्यांच्या दवाखान्याची पाटी इंग्रजी होती, ती एक सोय. पंचफुलाबाईंचं वाचन मराठी चौथीपर्यंतचं. बाहेरच्या बाकांवर मात्र डोक्यावरचे केस गेलेली दोनतीन माणसं बसलेली होती. बाईंनी विचारलं, यायचे केस काहून गेले? धर्मेंद्र म्हणाला, टायफॉईड झाला होता. बाईंनी चुकचुक केलं आणि त्यातल्या एकीला, केस लवकर यावेत म्हणून जास्वंदाचं तेल लावायला सांगितलं. त्या बाईनं धर्मेंद्रकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

डॉक्टरांना त्यानं आधीच गाठून हातापाया पडून ठेवलं होतं. डॉक्टर वैतागून म्हणाले, जो औषध घेतो त्याला ते कशाचं आहे हे ठाऊक पाहिजे, हे साधं औषध नाही. मग त्यांनी मराठीत छापलेला एक कागद हातात दिला. गोळ्या सकाळी तीन, संध्याकाळी तीन, भरल्या पोटी, चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं. हातापायाची कातडी काळी पडेल, सोलेल, तोंड येईल, हगवण लागेल. लागली तर ताबडतोब कळवा. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘घरातल्या दुसऱ्या कुणी ह्या गोळ्या घेऊ नयेत.’ धर्मेंद्रनं कागद घरी नेलाच नाही. तो वाडीच्या गोदामात, त्याच्या टेबलाच्या खणात, जुन्या बिल्ट्यांखाली गेला.

गोळ्यांची पाकिटं घरी ठेवणं म्हणजे भूमिकेच्या हातात सगळं देणं, तिला इंग्रजी येतं. म्हणून धर्मेंद्र गोदामातच बसून एकेक गोळी पाकिटातून फोडी आणि पाचक चूर्णाच्या रिकाम्या डबीत भरी. डबीवर केशरी अक्षरांत ‘पाचक’ लिहिलेलं. बिल्टीवर एक आणि पेटीत दुसरं. सात वर्षं दुसऱ्याच्या गोण्या सोडणाऱ्या माणसाला हे करताना हसू आलं नाही की लाज वाटली नाही. त्याला फक्त भीती वाटत होती.

भीती माणसाच्या काळजात राहते म्हणतात. धर्मेंद्रची कानात राहत होती. आई खोकली की घास थांबे. आईनं मोरीचं दार लावलं की तो कडी उघडण्याचा आवाज येईपर्यंत पेपरची तीच ओळ वाचत बसे. गोदामात घरचा फोन वाजला की तो आधी शर्टाला हात पुसे, मग उचली. खरं सांगायचं तर तो आईच्या मरणाला जेवढा भीत होता त्याहून जास्त तिच्या चेहऱ्याला भीत होता. तो शब्द ऐकल्यावर तो चेहरा भिंतीकडे वळेल, आणि वळवणारे आपणच असू. म्हणून तो रोज दुपारी फोन करी आणि एकच विचारी, “गोळ्या घेतल्या का?” आई म्हणे, घेतल्या.

घेत नव्हती. लेकानं आईला फसवलं आणि आईनं लेकाला. घरचीच रीत ती. तिसऱ्या महिन्यात पंचफुलाबाईंचे तळहात काळे पडून सोलायला लागले, तोंड आलं, जेवण तिखट लागेना की गोड. आधी त्यांनी भांडी घासायच्या पावडरीवर ठपका ठेवला. वंदनानं नवी पावडर आणली होती, तिनं हात खाल्ले, असं त्या शेजारणींनाही सांगत सुटल्या. वंदनाला खरं कारण माहीत होतं आणि शपथही माहीत होती. तिनं पावडर बदलली आणि बोलणी खाल्ली. हात काही सुधरेनात. मग बाईंच्या लक्षात आलं, की गोळ्या बंद असतात त्या आठवड्यात हात बरे असतात. म्हणजे गोळ्या उष्ण पडतात. आता अल्सर तर कापून काढला, पोट दुखत नाही, मग सहा सहा गोळ्या कशाला? त्यांनी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा आपला हिशेब लावून घेतला. लेकाला सांगितलं तर तो घाबरतो, एवढ्याशा अल्सरपायी पोट्टा अर्धा झालाय, हे त्या पाहत होत्या. म्हणून उरलेल्या गोळ्या त्या बांगड्यांच्या डब्यात टाकत गेल्या. औषध फेकू नये. कुणाच्यातरी कामी येतं.

होळीला कुहीहून सरिता आली. सरिता ही पंचफुलाबाईंची धाकटी बहीण, दोघींत पंधरा वर्षांचं अंतर. माय लवकर गेली, तेव्हा सरिता दोन वर्षांची होती. पंचफुलानं तिला कडेवर घेऊन भात भरवला, लग्न होऊन सासरी जाताना हीच पोर पदर सोडत नव्हती. आजही सरिता आली की पहिला घास थोरल्या बहिणीच्या, तिच्या ‘बाई’च्या हातचा खाई. पन्नाशी उलटलेली बाई ताटापुढं तोंड उघडून बसे आणि भूमिका हसून लोटपोट होई.

ह्या वेळी सरिता जेवताना पोटावर हात ठेवत होती. छातीशी जळजळ, आंबट ढेकर, कित्येक वर्षांचं दुखणं. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन गुलाबी औषधाच्या दोन बाटल्या पिऊन झाल्या होत्या. पंचफुलाबाईंनी विचारलं, अल्सर तं नसंन वं तुले? सरिता म्हणाली, असंनही, कोन पाह्यलं? झालं. जाताना पंचफुलाबाईंनी बांगड्यांचा डबा उघडला, साठवलेल्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत भरल्या आणि बहिणीच्या पिशवीत तळाशी ठेवल्या. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरची गोळी आहे, तीन सकाळी अन् तीन सांजेला, पोटभर जेवून, असं दोनदा बजावलं. स्वतः दोनवर आलेली बाई, पण बहिणीला पुरा डोस सांगितला. सरितानं डबी कपाळाला लावली.

हे सगळं घरात, दिवसाउजेडी, वंदना शेजारच्या खोलीत पापड वाळत घालत असताना झालं. लपवण्यासारखं काही आहे असं दोघींना वाटलंच नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरिताचा मुलगा रजत तिला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात आला. आठ दिवस हगवण, ताप उतरत नाही, तोंडात पाणी जात नाही. गावच्या डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं होतं. धर्मेंद्र सुट्टी टाकून आईला घेऊन वॉर्डात पोचला. सरिता खाटेला चिकटलेली होती. ओठ फुटून रक्ताळलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिचा एक हात सुई लावून उताणा ठेवला होता. धर्मेंद्रनं तो तळहात पाहिला. बोटांच्या पेरांवर काळा, मधोमध सोललेला. त्यानं मान वळवून आईचा हात पाहिला. तोही तसाच.

कसं झालं हे त्याला त्या क्षणी नीट कळलं नाही, पण काय झालं ते कळलं.

तरुण डॉक्टरीण आली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या आहेत, म्हणाली, हे साध्या हगवणीनं होत नाही. काही औषध चालू होतं का? रजत म्हणाला, काही नाही. पंचफुलाबाई पुढं झाल्या. मी देल्या होत्या गोळ्या, म्हणाल्या, अल्सरच्या. रजतनं आईची पिशवी चाचपली, तिच्यात डबी निघाली. तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरणीनं एक गोळी उलटसुलट करून पाहिली; तिच्यावर ना नाव, ना खूण.

“नक्की कशाच्या आहेत ह्या?”

“याले विचारा,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “हाच आनते.”

सगळ्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं. खाटेवर मावशी होती, समोर आई होती. आणि तोंडात तो शब्द आला होता, अगदी जिभेवर येऊन बसला होता. धर्मेंद्र म्हणाला, “अल्सरच्याच हायेत.”

डॉक्टरणीनं डबी खिशात टाकली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. धर्मेंद्र पाठोपाठ बाहेर निघाला, एकटीला गाठून सांगावं म्हणून. पण तेवढ्यात तिला दुसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. दुसऱ्या मजल्यावर कळलं, ती ऑपरेशनच्या खोलीत आहे. दुसरा डॉक्टर होता, नर्स होती, कुणालाही सांगता आलं असतं. धर्मेंद्रनं सांगितलं नाही. तो खाली टपरीवर गेला, चहा घेतला, हातातच थंड केला. मनाशी म्हणाला, दोन तासांनी काय फरक पडतो. मग म्हणाला, सलाईन तर चालूच आहे. मग म्हणाला, बाबांच्या वेळी घाई केली, काय झालं? तीन तास तो असा स्वतःशी बोलत राहिला. ह्याला लोक प्रेम म्हणतात. आईवरचं प्रेम. गोदामात कुणी असं केलं असतं तर धर्मेंद्रनं त्याला दुसरंच नाव दिलं असतं.

दुपारी डॉक्टरीण व्हरांड्यात सापडली तेव्हा त्यानं खाली मान घालून गोळीचं इंग्रजी नाव सांगितलं. आजाराचं तरीही सांगितलं नाही. गरजच नव्हती, ती नावावरूनच समजली.

“सकाळी मी विचारलं तेव्हा तुमची जीभ कुठं होती?”

तिला आता आकडा हवा होता. रोज किती, किती दिवस. सरिता बोलण्याच्या स्थितीत नव्हती आणि रजत दिवसभर शेतात असे. राहिली एकच, जिनं गोळ्या दिल्या ती. धर्मेंद्रनं हात जोडले. म्हणाला, तिच्यापुढं आजाराचं नाव काढू नका, ती मरेल. डॉक्टरीण सरळ वॉर्डाकडे चालू लागली, आणि हा तिच्यामागून जवळजवळ धावत गेला.

पंचफुलाबाईंनी सगळं व्यवस्थित सांगितलं. उलट डॉक्टर विचारतेय म्हटल्यावर थोड्या अभिमानानंच सांगितलं. तीन सकाळी, तीन सांजेला, धुळवडीनंतर सुरू केल्या, मध्ये खंड नाही, आपण बजावलं होतं ना. मी दोनच घेत होती, म्हणाल्या, मले उष्ण पडत होत्या, पन तिले पुऱ्या देल्या. मग डॉक्टरणीचा चेहरा पाहून त्यांचं बोलणं अडखळलं.

“काहून? अल्सरच्या नाईत का?”

डॉक्टरीण धर्मेंद्रकडे वळली. ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. उभी राहिली.

“कॅन्सरच्या हायेत, आई,” धर्मेंद्र म्हणाला. नऊ वर्षांनी.

“कोनाले हाय कॅन्सर?”

“तुले.”

धर्मेंद्र त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. पाच महिने तो ज्याला भीत होता तो हाच चेहरा, आणि तो भिंतीकडे वळला नाही. तो पांढरा पडला नाही की रडवेला झाला नाही. पंचफुलाबाईंनी खाली, आपल्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, मग सरिताच्या हाताकडे.

“मले सांगतलं असतं,” त्या सावकाश म्हणाल्या, “तं मी तिच्या हाती देल्या असत्या का गा?”



सरिता वाचली. एकवीस दिवस दवाखान्यात राहून वाचली, त्यातले सहा दिवस ‘सांगता येत नाही’ असे गेले. सकाळचे ते तीन तास मिळाले असते तर काही वेगळं झालं असतं का, हे धर्मेंद्रनं विचारलं नाही. डॉक्टरणीनंही आपणहून सांगितलं नाही. पंचफुलाबाई एकवीस दिवस रोज सकाळी जाऊन बाकावर बसत आणि संध्याकाळी परत येत. धर्मेंद्रशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वंदनाशी पहिल्याच दिवशी बोलल्या. मोरीत हात धुताना म्हणाल्या, “पावडर चांगली होती वं तुही.” वंदना तिथंच भिंतीला टेकून रडली.

घरी सोडायच्या दिवशी पंचफुलाबाईंनी पहाटे उठून मऊ भात शिजवला, त्यावर साधं वरण, तुपाची धार. डबा घेऊन वॉर्डात गेल्या. सरिता खाटेवर बसलेली होती, अर्धी उरलेली, केस विरळ झालेले. पंचफुलाबाईंनी भात कालवला, छोटा घास केला आणि पन्नास वर्षं करत आल्या तसा पुढं नेला. सरितानं तोंड उघडलं नाही. तिचे डोळे भरून आले, पण तोंड मिटलेलंच राहिलं.

“नको बाई,” ती म्हणाली. “भेव लागते मले.”

पंचफुलाबाईंनी घास परत डब्यात ठेवला. झाकण लावलं. रजतची गाडी गेटमधून बाहेर पडेपर्यंत त्या डबा धरून उभ्या होत्या. धर्मेंद्रनं डबा घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी दिला नाही.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. दोन महिने तिसरा हिस्सा औषध पोटात गेलं होतं. किती नुकसान झालं ते आता पुढच्या तपासणीतच कळेल, तोवर पुरा डोस पुन्हा सुरू करा, म्हणाले. ह्या वेळी त्यांनी सगळं पंचफुलाबाईंकडे पाहून सांगितलं. बाईंनी दोन प्रश्न विचारले. गोळी किती दिवस घ्यायची, आणि ती उघडी ठेवली तर लहान मुलांना काही होतं का. मरणाबद्दल काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र वाडीला निघायच्या तयारीत होता. त्यानं नवी पाकिटं आणली होती, वंदनाकरवी आलेल्या आईच्या हुकमानं, न फोडता. पंचफुलाबाई जेवून बसल्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारली, वॉर्डातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तो समोर गेला. त्यांनी त्याच्याकडून तीन गोळ्या काढून घेतल्या, सोललेल्या तळहातावर ठेवल्या आणि विचारलं,

“कायच्या हायेत?”

“आई, घे नं.”

“मालाचं नाव सांगा, नाई तं गाडीतून उतरवा, असं तूच म्हनते नं गोदामात? मंग सांग. नाव आयकल्याबिगर आता मी काईच गिळनार नाई.”

दारात भूमिका दप्तर घेऊन उभी होती, तिच्यामागं वंदना. “कॅन्सरच्या,” तो म्हणाला. पंचफुलाबाईंनी तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, वर तांब्याभर पाणी प्याल्या, आणि सांगितलं, की सांजेच्याही तू आल्यावरच घेईन.

तेव्हापासून असं चाललंय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. धर्मेंद्रला वाटलं होतं, चार दिवसांत जिभेला सवय होईल, शब्दाची धार बोथट होईल. झाली नाही. आई रोज त्याच आवाजात विचारते, जणू पहिल्यांदाच विचारतेय, आणि त्याला रोज पहिल्यांदाच सांगावं लागतं. वंदनानं एकदा मध्ये पडून पाहिलं, मी सांगते आई, म्हणाली. पंचफुलाबाई म्हणाल्या, तू काहून सांगशीन, तू कुठं लपवलं? लपवलं वंदनानंही होतं. पण ते म्हातारीनं कधीच माफ करून टाकलं होतं, आणि धर्मेंद्रला मात्र माफी मागायचीही सोय नव्हती.

परवा अमरावती रोडवर एक ट्रक उलटला आणि गोदामाच्या गाड्या उशिरा पोचल्या. सात वाजून गेले तरी धर्मेंद्रला निघता येईना. हमाल रांगेनं गोण्या उतरवत होते, व्यापारी बिल्ट्या घेऊन खोळंबले होते. फोन वाजला. आईचा होता. त्यानं कोपऱ्यात जाऊन उचलला.

“जेवन झालं माहं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “गोळ्या हातात हायेत. कायच्या हायेत?”

धर्मेंद्रनं फोनवर तळहात आडवा धरून हळूच सांगितलं.

“आयकू नाई आलं,” पलीकडून आवाज आला. “जोरानं सांग.”

“कॅन्सरच्या हायेत आई,” धर्मेंद्र ओरडून म्हणाला. गोण्या खांद्यावर घेतलेले हमाल जागीच थांबले. व्यापाऱ्यांनी वळून पाहिलं. फोनमध्ये तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज आला, मग घोट गिळल्याचा, आणि फोन बंद झाला.